मुलगी गावच्या मराठी शाळेतून बेळगावच्या हायस्कुलात आठवीला गेली. रोज रडते, काय करू?

ताई, महिनाभर जाऊ द्या. आपल्याकडं गावची शाळा बहुतेक सातवीला संपते, त्यामुळं वर्गात अशी बावरलेली पोरं बरीच असतात. बाकीची दाखवत नाहीत एवढंच.

माझ्या मते निम्मा त्रास बसचा असतो. जूनचा पाऊस, खानापूरकडून गच्च भरून येणारी गाडी, त्यात उशीर झाला की सगळ्यांसमोर वर्गात शिरायचं! कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं जून २०२३ पासून मुलींना साध्या सरकारी बसला पैसे नाहीत, म्हणून कंडक्टरला दाखवायला आधार कार्ड दप्तरात ठेवा. (गर्दी काही फुकटात कमी होत नाही.) एक गाडी आधीची धरू दे, जमल्यास गावातल्याच नववी-दहावीच्या पोरीबरोबर.

कन्नडचा धसका घेतला असेल तर तिला सांगा, मराठी माध्यमात पहिली भाषा मराठीच. कन्नडसाठी शिकवणीची घाई नको. बसच्या पाट्या, दुकानांची नावं रोज वाचू दे. वर्गशिक्षकांना मात्र याच आठवड्यात भेटा.

आणि घरी आल्या आल्या “आज रडलीस का?” विचारू नका. आधी जेवू दे.