मुलाखतीची तयारी आणि प्रश्नांची यादी

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी, ग्रंथालयाची वेळ कमी करण्याच्या निर्णयाविषयी मला प्राचार्यांची मुलाखत घ्यायची आहे. वीस प्रश्न लिहून ठेवले आहेत. उत्तरे त्रोटक मिळाली तर काय करावे? प्रश्न आधी मागितले, तर द्यावेत का?

उत्तर : वीस प्रश्न अर्ध्या तासात विचारून होतीलही, पण मग एकाही उत्तराच्या खोलात शिरता येणार नाही. आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते एका वाक्यात लिहा आणि त्याला धरून पाच-सहाच प्रश्न ठेवा. निर्णयाचे परिपत्रक, जुने वेळापत्रक, ग्रंथपालांचे आणि उशिरापर्यंत अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे म्हणणे, हे सारे प्राचार्यांच्या दालनात जाण्यापूर्वीच हाताशी हवे. १९७७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणी मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना, ज्यामुळे त्यांना पद सोडावे लागले त्या वॉटरगेट प्रकरणावरून बोलते केले, त्यामागेही सहायकांनी आधी पिंजून काढलेल्या कागदपत्रांचे बळ होते.

त्रोटक उत्तराला बहुतेक वेळा प्रश्नच जबाबदार असतो. “वेळ कमी केल्याने गैरसोय झाली ना?” याला “नाही” एवढे उत्तर पुरते. “हा निर्णय कसा झाला?” असे विचारल्यावर “समितीत दोन मते होती” असे उत्तर आले, तर यादी बाजूला ठेवून दुसरे मत काय होते आणि ते का मागे पडले, हे तिथल्या तिथे विचारा. यादी पाठ करून गेलेल्यांच्या हातून नेमकी हीच संधी निसटते. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता क्षणभर थांबलात, तर समोरची व्यक्ती पुष्कळदा आपणहून आणखी काही सांगते.

विषय आधी अवश्य कळवा, आकडेवारी हवी असल्यास तीही मागून ठेवा. शब्दशः प्रश्न मात्र देऊ नयेत, कारण मग घोटीव निवेदनच हाती येते. ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरुवातीलाच घ्या आणि टिपणेही काढा. ‘हे छापू नका’ ही अट बोलण्यापूर्वी दोघांनी मान्य करायची असते. पदाधिकाऱ्यांना हा नियम काटेकोरपणे लावावा, पण मुलाखतीची सवय नसलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत थोडे सबुरीने घ्यावे. छापण्यापूर्वी संपूर्ण मजकूर संमतीसाठी पाठवू नका. नावे, पदे, आकडे आणि शंकास्पद वाटणारी विधाने तेवढी फोनवरून पडताळून घ्या.