रीमॅपच्या आधी क्लच तपास

पोलो जीटी टीएसआय घेतलीस, मनापासून आनंद झाला. पण लगेच रीमॅपला, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घ्यायला, धावू नकोस. तुझं १.२ लिटरचं टर्बो इंजिन मूळचं १७५ न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि सात गियरच्या ड्राय क्लच डीएसजीची (ऑटोमॅटिक गियरबॉक्सची) मर्यादा आहे २५०. स्टेज वन, म्हणजे सुटे भाग न बदलता केलेल्या पहिल्या पायरीच्या रीमॅपनंतर, त्या मर्यादेपर्यंत फारसं अंतर उरत नाही. इंजिन झेलतं, क्लच कुरकुरतो. मी आधी रीमॅप केला, क्लच नंतर बघितला. पुण्यात चांदणी चौकाच्या चढाला, गर्दीत, ब्रेकवरून पाय उचलला की पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी अशी थरथरायची, की थेट सीटमध्ये जाणवायचं. शेवटी क्लच बदलावाच लागला.

म्हणून आधी क्लच, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल तपासून घे. ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीचा मॅप घेतलास तर त्याहून कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकू नकोस. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) जाणवलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो आणि पैसे मोजून मिळवलेली ताकद जाते. रीमॅपच्या आधीच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल मागून घे. रीमॅप केल्याचं विमा कंपनीला कळव, बरेच जण टाळतात, मला ते अजिबात पटत नाही.

ताम्हिणी घाटात तिसऱ्या गियरमधली ती खेच फार सुंदर असते रे. फक्त पाऊस संपू दे, मग जा.