वाचक विचारतात : देवळातलं लाकडी कोरीवकाम

जांबोटी-चोर्लामार्गे गोव्यात बांदिवड्याला दर्शनाला जायचंय. तिथलं लाकडी काम कसं पाहावं?
— एक वाचक, खानापूर

पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, म्हणून अंधार टाळा. दहाच्या आत पोचाल असं निघा. दुपारी नैवेद्यानंतर गडबड नको.

महालक्ष्मी मंदिराच्या सभामंडपात विष्णूच्या २४ रूपांपैकी १८ रूपांच्या लाकडी मूर्ती आहेत. संध्येत ‘केशवाय नमः, नारायणाय नमः’ म्हणतात, तीच ही २४ नावं. सगळ्यांच्या हाती शंख, चक्र, गदा, पद्मच. बदलतो तो क्रम. चार आयुधं चार हातांत २४ तऱ्हांनीच बसतात. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करा, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असं आलं की तो केशव. बहुतेक जण आपला उजवा हात धरून मोजतात आणि फसतात. चूक लक्षातही येत नाही, कारण उलट्या क्रमालाही २४ पैकी दुसरं नाव बसतंच! पुराणांच्या याद्या काही नावांबाबत जुळत नाहीत, तेव्हा एकच यादी लिहून न्या.

जवळच्या नागेशीच्या देवळातही जाच. सभामंडपात वरच्या बाजूला रामायणातले प्रसंग आणि अष्टदिक्पाल लाकडात कोरलेत. दुर्बीण हवी. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश नको. समोरच्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसतं, तिरप्या उजेडात छिन्नीची खोली उठते.

गावच्या देवळातले कोरीव सागवानी खांब धुरानं काळे पडलेत. यात्रेआधी सोड्यानं धुवून ऑइल पेंट द्यावा का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

कृपा करून देऊ नका. कॉस्टिक सोड्यानं सागवान आणखी काळवंडतं, तंतू सुटतात. पेंट बारीक नक्षी बुजवतो आणि बुंध्यातून चढलेली ओल आत कोंडतो. खांब आतून कुजतो.

आधी गळकी कौलं बदला. मग मऊ कोरड्या ब्रशनं वरून खाली धूळ काढा. तेलकट काजळीला कापसाच्या बोळ्यावर थोडं टर्पेंटाइन घ्या, पण समया, निरांजनं विझवून आणि दारं उघडी ठेवूनच. पहिल्यांदा मागच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर करून बघा. बोळ्याला जुना रंग लागला तर तिथंच थांबा. बुंधा ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारी कीड. दोन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळे जाणत्या सुताराला दाखवल्याशिवाय औषध मारू नका.