समज दिली, तरी मारहाण थांबली नाही

प्रश्न : आमच्या महिला बचत गटातील एका तरुण सदस्येला तिचा नवरा मारतो. रात्री त्या घरातील टीव्हीचा आवाज एकाएकी वाढला की आळीतल्या सगळ्यांना काय ते कळते. मागच्या महिन्यात आम्ही आठ-दहा जणी तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांना घेऊन त्यांच्या घरी गेलो, त्याला समज दिली आणि 'पुन्हा हात उचलणार नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले. त्यानंतर त्याने तिचा मोबाइल काढून घेतला आणि तिचे गटाच्या बैठकीला येणेही बंद केले. आमचे काय चुकले आणि यापुढे काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही त्या दारापर्यंत गेलात, हे थोडे नाही, अशा वेळी आपल्याही घरातला टीव्ही मोठा करणारे शेजारी मी पुष्कळ पाहिले आहेत. मात्र जाण्यापूर्वी तिला विचारले होते का, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. चारचौघांत त्याचा पाणउतारा झाला आणि त्याची वसुली त्याने घरात तिच्याकडून केली.

तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासून सुरू आहे आणि बांधाच्या भांडणात तिचा उपयोगही होतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना हातभर जमीन सोडता येते. मारहाणीत बाईने नेमके काय सोडायचे? शिवाय स्टॅम्पपेपर मोडला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता दहा जणींनी नव्हे, तर तिचा विश्वास असलेल्या एकीनेच तिला भेटावे. बैठक बंद झाली तरी पिठाची गिरणी, अंगणवाडी आणि आशाताईंची घरभेट सहसा बंद होत नाही. तिला काय हवे आहे ते विचारा, आणि 'सध्या काही नको' असे ती म्हणाली तर रागावू नका; पुन्हा विचारता येईल एवढी वाट मोकळी ठेवा. एखादी खूण ठरवून घ्या. तिचे मूल वाटी घेऊन विरजण मागायला आले, की दोघी-तिघींनी काहीतरी निमित्त काढून तिचे दार वाजवायचे आणि एकीने तत्काळ 112 ला फोन लावायचा, एवढे ठरलेले असले तरी पुरते. तिचे आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले असे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी विश्वासाच्या घरी ठेवावी. दुखापत झाली तर सरकारी दवाखान्यात खरे कारण सांगण्याचे बळ तिला द्या, कारण केसपेपरवर एकदा 'पायरीवरून पडली' असे लिहिले गेले, की पुढे कोर्टात तेच वाक्य तिच्या विरोधात वाचले जाते.

तिची तयारी झाली, की महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. त्यांना अशी माहिती कोणीही कळवू शकते आणि ती सद्हेतूने दिली असेल, तर कळवणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. हे गटातल्या घाबरणाऱ्या सदस्यांना आवर्जून सांगा. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. 'रस्त्यावर येईन' या एकाच भीतीपोटी अनेक जणी वर्षानुवर्षे मार खातात, म्हणून ही गोष्ट तिला सर्वांत आधी कळायला हवी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि 181 या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

पोलीस ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून तिला परत पाठवतील, ही तुमची शंका असेल तर ती अगदीच अनाठायी नाही. त्यासाठीच टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. पुढे राज्य शासनाने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. तुमच्या जवळचा कक्ष कोणत्या ठाण्यात आहे, याची चौकशी गटाने आजच करून ठेवावी.

तो स्टॅम्पपेपर मात्र फाडू नका. त्यातल्या 'पुन्हा' या शब्दाखाली त्याची सही आहे. आधी हात उचलला होता, हे त्याने स्वतःच लिहून दिले आहे. मूळ कागद समितीकडे असेल तर त्याची झेरॉक्स घेऊन तिच्या पिशवीत ठेवा आणि पुढे संरक्षण आदेशासाठी अर्ज केला तर त्यासोबत जोडा.