निगेटिव्ह पाकिटातून काढण्याआधी थांबा

मामा गेले, त्यांनी मुंबईतल्या इमारतींचे काढलेले साडेतीन-चार हजार निगेटिव्ह कपाटात आहेत, आणि तुम्ही विचारताय की ते इमारतीप्रमाणे लावू की वर्षाप्रमाणे. बारा वर्षांपूर्वी मी अगदी इथेच उभा होतो. माझे वडील आर्किटेक्ट लोकांसाठी फोटो काढायचे. माझं उत्तर एवढंच: सध्या काहीच लावू नका. आहे त्या क्रमाने फक्त मोजा आणि मोबाइलवर प्रत्येक खणाचा फोटो काढून ठेवा.

वडिलांचे निगेटिव्ह खाकी पाकिटांत होते. पाकिटावर पेन्सिलीने नुसता आकडा, ४१२, ४१३ असा. खाकी कागदात आम्ल असतं आणि ते निगेटिव्ह खराब करतं हे मी वाचलं होतं, म्हणून उत्साहाने सगळे निगेटिव्ह नव्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांत, भरले, इमारतीप्रमाणे गठ्ठे केले आणि पाकिटं रद्दीवाल्याला दिली. चार महिन्यांनी आईने ट्रंकेतून त्यांची कामाची वही काढून दिली. प्रत्येक आकड्यासमोर तारीख, पत्ता, काम कोणाचं, फिल्मच्या किती शीट वापरल्या, सगळं होतं. पण आता कुठल्या निगेटिव्हचा आकडा कोणता, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. दर्शनी भाग ओळखता येतो हो. पण जिना, खिडकीची जाळी, रिकामी लॉबी कुठली, हे शेजारच्या निगेटिव्हवरूनच कळतं, आणि तो शेजार मीच मोडला होता. सुमारे नऊशे निगेटिव्ह आजही ‘जिना, बहुधा खार’ अशा नावाने पडून आहेत.

पुढे एका संस्थेने संग्रह घेण्यात रस दाखवला. सात महिने फेऱ्या मारल्या. दर वेळी नवा माणूस, नवा तक्ता, आणि प्रत्येक फोटोचं वर्ष व हक्क कोणाचा ते लिहून आणा. वहीत ते होतं, मला जुळवता येत नव्हतं. हे सांगितलं तर ‘मग पूर्ण झाल्यावर या’. कसं जुळवायचं याबद्दल एकानेही दोन वाक्यं सांगितली नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही.

हक्काचं खरंच बघा. मी वकील नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा धरतात. म्हणजे आर्किटेक्टसाठी केलेली कामं आणि मामांनी हौसेने काढलेले फोटो वेगळे ओळखता यायला हवेत. कोणाला काही देण्याआधी जाणकाराला विचारा.

कपाट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकवरची फिल्म खराब होऊन आम्ल सोडू लागली आहे. ती आकड्यासकट दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तिचं स्कॅनिंग आधी करा. हवाबंद डब्यात कोंडू नका, ते आम्ल आतच साठतं. स्लीव्ह पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. आणि जुना आकडा नव्या स्लीव्हवर उतरवल्याशिवाय एकही पाकीट रिकामं करू नका. रिकामं झालं तरी टाकू नका.

स्कॅनच्या फाइलचं नाव त्याच आकड्यावरून द्या: ४१२-०७, म्हणजे ४१२ व्या कामातला सातवा. इमारतीचं नाव, रस्ता, आर्किटेक्ट हे सगळं तक्त्यात, फाइलच्या नावात नको, कारण नावं बदलतात. व्हीटीचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. मामांनी ‘हॉर्नबी रोड’ लिहिलं असेल तर ते तसंच ठेवा आणि शेजारच्या रकान्यात दादाभाई नौरोजी रोड लिहा. म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी सापडेल.

तुमच्या पोस्टमध्ये पाकिटांवर काही आकडे आहेत का ते नाही. असतील तर दोन-तीन पाकिटांचे फोटो इथे टाका. आणि वहीबद्दल मामींना आजच विचारा. मी आईला विचारलंच नव्हतं.