रॅम ३२०० ची घेतली, पण संगणक २१३३ दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

नाही, फसवलेलं नाही. तुम्ही दिलेली माहिती अशी: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या आणि खोक्यावर ३२०० सीएल१६ (३२०० हा वेग, सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा). टास्क मॅनेजर २१३३ दाखवतो, सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तर १०६६ च दिसतं. रॅम खरी आहे, फक्त बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधलं) एक सेटिंग चालू करायचं राहिलंय. जोडणी करून देणाऱ्याने ते करूनच द्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वेगाचे पैसे तुमच्याकडून घेतलेत ना!

आधी त्या १०६६ चं बघू. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतं, टास्क मॅनेजर डेटा किती वेळा गेला ते मोजतो. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा. खोक्यावर ३२०० छापलेलं असलं, तरी खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच असतं. काम फत्ते झाल्यावर सीपीयू-झेडमध्ये १६०० च्या आसपास आकडा दिसेल, तेव्हा घाबरू नका.

आता २१३३ का, ते सीपीयू-झेडच्याच एसपीडी टॅबमध्ये डोळ्यांनी बघा. तिथे स्लॉट निवडला की खाली तक्ता येतो. डावीकडचे रकाने जेडेकचे, म्हणजे मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे. त्यांत व्होल्टेज १.२० लिहिलेलं असेल. शेवटच्या रकान्यावर एक्सएमपी-३२०० असं नाव दिसेल आणि त्याखाली १६ आणि १.३५ व्होल्ट. ही सगळी माहिती पट्टीवरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये साठवलेली असते. जेडेकच्या मानकात ३२०० आहे, पण सीएल१६ ला नाही. तिथे आकडे २० पासून सुरू होतात. तुमच्या रॅमच्या कंपनीने पट्ट्या मानकापलीकडे चालवून तपासल्या आणि ते आकडे वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या एक्सएमपीच्या रकान्यात, लिहून ठेवले. एक्सएमपी ही सोय इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या वेळी आणली. बोर्ड मात्र आपणहून त्या रकान्याला हात लावत नाही. कुठलीही रॅम असो, संगणक चालू झालाच पाहिजे, म्हणून तो सुरक्षित वेग धरतो.

करायचं काय? संगणक सुरू होताना डिलीट की दाबत राहा (काही बोर्डांवर एफ२), बायोस उघडेल. तिथे एक्सएमपी चालू करायचं सेटिंग शोधा. एमएसआयच्या बोर्डावर त्याला ए-एक्सएमपी म्हणतात, असूसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, गिगाबाइटवर सरळ एक्सएमपी. प्रोफाइल १ निवडा, एफ१० दाबून सेव्ह करा. व्होल्टेज किंवा टायमिंग हाताने भरू नका, प्रोफाइल ते स्वतः भरतं. पुढचं बूट नेहमीसारखं होणार नाही. पडदा थोडा वेळ काळा राहील, संगणक एक-दोनदा आपोआप बंद-चालू होईल. बोर्ड नव्या वेगाला रॅम जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका, दोन-तीन मिनिटं थांबा.

तुमच्या बाबतीत मी इतका आग्रह का धरतोय? ५६००जी मधलं ग्राफिक्स वेगळी मेमरी वापरत नाही, ते याच रॅमवर जगतं. २१३३ ला दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ३४ जीबी वाहून नेऊ शकतात, ३२०० ला ५१ जीबी. एक्सेल किंवा ब्राउझरमध्ये हा फरक जाणवणार नाही, गेममध्ये मात्र जाणवेल. त्यासाठी पट्ट्या योग्य खाचांतही हव्यात. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन खाचांत लावल्या असतील तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, येतात आणि निम्मी रुंदी वाया जाते. कॅबिनेट उघडून हे आधी बघा. आणि ३२०० ही या प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच आहे, त्यामुळे त्याच्यावर काही अघोरी ताण येतोय असं मनात आणू नका.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं. विंडोज उघडलं म्हणजे रॅम स्थिर आहे असं नाही. रॅम क्वचित एखादा बिट चुकवत असेल तर काही बोंब होत नाही. फोटो कॉपी होतात, झिप फाइल बनते आणि महिन्यांनी उघडताना कळतं की ती खराब आहे. घरच्या लग्नाचे फोटो असे गेलेले मी पाहिलेत. म्हणून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू ठेवा. फुकट आवृत्ती चार फेऱ्या करते. एकसुद्धा एरर चालणार नाही. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

एरर आलीच, तर संगणक बंद करून पट्ट्या काढून नीट बसवा, बायोसची नवी आवृत्ती टाका (तेव्हा यूपीएस असू द्या, मध्येच वीज गेली तर बोर्ड जायचा) आणि पुन्हा तपासा. संगणक सुरूच झाला नाही तरी काही बिघडलेलं नसतं. बरेच बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर आपणहून जुन्या वेगावर येतात. नाही आला, तर प्लग काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येईल, तारीख-वेळ तेवढी पुन्हा लावावी लागेल.

एवढं करूनही ३२०० ला एरर येत असतील, तर २९३३ सारख्या कमी वेगावर समाधान मानू नका. एरर दिसणाऱ्या पडद्याचा फोटो काढा आणि बिल घेऊन दुकानात जा. एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्या छापलेल्या वेगाला चालत नसतील तर बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे. बायोसमध्ये सेटिंग सापडत नसेल तर बोर्डाचं नेमकं मॉडेल खाली लिहा, कुठल्या पानावर आहे ते सांगतो.