शिट्टी वाजते आणि गोल बसतो

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच दुखण्याकडे आहे: सामना सुरू होतो न होतो तोच खाल्लेला गोल. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा सतरा वर्षांखालच्या मुलांचा संघ आहे. यंदा नऊपैकी सहा सामन्यांत पहिल्या दहा मिनिटांतच गोल खाल्ला. नंतर मुलं बरोबरीनं खेळतात, दोन सामने तर मागून येऊन जिंकले. "जागे राहा, जागे राहा" ओरडून घसा बसला. मुलं मनानंच कच्ची आहेत का?
– प्रशिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : मनाकडे जाण्याआधी एक वही करा. मोठ्या स्पर्धांमध्ये शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल जास्त होतात, पहिल्या पंधरात कमी. पाय ताजे असतात, रचना मोडलेली नसते. तुमच्याकडे हे उलटं होतंय, तेव्हा त्यामागे ठरावीक कारण असणार. सहाही गोल आठवा आणि प्रत्येकापुढे लिहा: कितवं मिनिट, बॉल कुठे आणि कोणाच्या पायातून गेला, गोल झाला तेव्हा बॉलच्या मागे आपले किती जण होते, गोल मारणारा कोणाच्या मार्किंगमध्ये होता, आणि शिट्टीआधीची शेवटची वीस मिनिटं आपला संघ काय करत होता. हा शेवटचा रकाना सहसा कोणी भरत नाही. दुखणं मात्र बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

गावोगावच्या स्पर्धांमधलं चित्र पाहा. सामना चारचा, म्हणून मुलं तीनला पळायला लागतात आणि साडेतीनला घाम गाळून मोकळी होतात. मग प्रमुख पाहुण्यांची वाट, नारळ, खेळाडूंची ओळख, फोटो. शिट्टी वाजते चार वाजून दहा मिनिटांनी. चाळीस मिनिटं मुलं उभी किंवा बसलेली. नुसत्या पंधरा मिनिटांच्या बसण्यानंही मांड्यांचे स्नायू थंड व्हायला लागतात, आणि थंड पायांचा पहिला स्प्रिंट मंद असतो. समोरचा फॉरवर्ड तेवढ्यात एक पाऊल पुढे निघाला की तुमच्या बॅकच्या (बचावपटूच्या) हाती लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं झोपलंय. ते झोपलेलं नसतं, गारठलेलं असतं.

म्हणून वेळापत्रक शिट्टीपासून उलटं मोजा. संघ एक तास आधी मैदानावर हवा, बूट घालून, नावं नोंदवून. शिट्टीआधी ३५ मिनिटांनी वॉर्मअप सुरू, १० मिनिटं उरली की बंद. पहिली आठ मिनिटं हलकं पळणं, बाजूला सरकत पळणं, गुडघे वर, टाचा मागे. पुढची चार मिनिटं पाय झुलवणं आणि लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं). एका जागी पाय ताणून अर्धा-अर्धा मिनिट थांबणं इथे नको, त्यानं पाय जलद होत नाहीत. मग सहा मिनिटं आठ बाय आठ मीटरच्या चौकोनात चौघांविरुद्ध दोघं, दोन-दोन टचमध्ये. शेवटची सात मिनिटं मात्र प्रत्येकाला त्याच्या जागेचं काम द्या. इथेच बहुतेक संघ चुकतात. सगळे दहा जण रांग लावून एकाच गोलवर शॉट मारत बसतात. फॉरवर्डना बरं वाटतं, पण स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) सामन्याआधी एकही हेड मारलेला नसतो, साईड बॅकनं (कडेच्या बचावपटूनं) एकही टॅकल केलेला नसतो. त्यांचा पहिला हेड थेट सामन्यात, आणि तोच चुकतो. दोन्ही स्टॉपरना ३५-४० मीटरवरून प्रत्येकी आठ-दहा उंच बॉल टाका, अंगावर एक जण उडी मारायला ठेवून. साईड बॅकना एकास एक, चार-चार वेळा. सगळ्यांत शेवटी सगळ्यांचे दहा मीटरचे चार स्प्रिंट, चालत परत.

पाहुण्यांचा कार्यक्रम लांबला तर रांगेतच जागेवर उड्या मारायला लावा. ओळख संपली की रेफरींना विनंती करून दीड-दोन मिनिटं मागून घ्या: पंधरा मीटरचे तीन जोरदार स्प्रिंट, दोन उड्या आणि आपापल्या जागेवर. मध्यंतरानंतरही हेच करा, कारण दुसऱ्या हाफच्या पहिल्या पाच मिनिटांत खाल्लेला गोल हा याच आजाराचा भाऊ आहे.

आता मैदानाबद्दल. आपल्याकडची बहुतेक मैदानं मातीची, टणक. उंच बॉल एकदा टप्पा खाल्ला की स्टॉपरच्या डोक्यावरून जातो, आणि पाठीमागे त्यांचा विंगर गोलकीपरसमोर एकटा. सरावात हे लक्षात येत नाही, कारण सराव लहान जागेत होतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापुरातलं होम मैदान गेलं की कित्येक संघ शाळेच्या आवारात खेळतात. तिथे ४० मीटरचा बॉल येणार कुठून? मग स्पर्धेत पहिलाच लांब बॉल मुलांना अनोळखी वाटतो. दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली दहा मिनिटं बचावाची ओळ नेहमीपेक्षा पाच मीटर मागे ठेवा. आणि एक स्टॉपर बॉलवर गेला की दुसऱ्यानं त्याच्या मागे चार-पाच पावलं तिरकं उभं राहायचं, शेजारी नाही. टप्पा पडू द्यायचा नाही. पोहोचता येत नसेल तर आधीच मागे पळायचं. वॉर्मअपला सामन्याचाच बॉल एकदा मागून घ्या आणि त्याचा टप्पा बघा. नियमात बॉलचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर असा मोठा पट्टा आहे, त्यामुळे कालचा बॉल आणि आजचा बॉल सारखा उसळेलच असं नाही.

वहीतले सहाही गोल वेगवेगळ्या प्रकारचे निघाले, कोणताच दुवा दिसला नाही, तर घाबरून सगळी रचना बदलू नका. वॉर्मअप दुरुस्त करा आणि पुढचे पाच-सहा सामने नोंद ठेवा.

प्रश्न : किक ऑफ आपला असेल तर बॉल मागे द्यावा की पुढे मारावा? आम्ही मागे देतो आणि तिथेच अडकतो.
– संघनायक, नेहरूनगर

उत्तर : पूर्वी किक ऑफचा बॉल पुढेच जावा लागे, २०१६ पासून तो कोणत्याही दिशेला चालतो, म्हणून आता जवळजवळ सगळेच मागे देतात. मागे देण्यात चूक नाही. कोणाला देता आणि त्यानं पुढे काय करायचं ठरलंय, ते महत्त्वाचं. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात किक ऑफ दक्षिण कोरियाचा होता. बॉल मागे अनुभवी होंग म्युंग-बोकडे गेला, त्याच्या पायातून निसटला, आणि तुर्कस्तानच्या हाकान शुकुरनं ११ व्या सेकंदाला गोल केला. पुरुषांच्या वर्ल्ड कपमधला सगळ्यांत जलद गोल तो हाच. बॉल कोरियाचा होता आणि गोल तुर्कस्तानचा झाला.

समोरचे खेळाडू किक होईपर्यंत ९.१५ मीटर लांब असतात. चपळ फॉरवर्ड हे अंतर दोनेक सेकंदांत कापतो. तेव्हा बॉल घेणाऱ्याला दोन टच मिळतात, तिसरा नाही. टणक मैदानावर शेवटच्या स्टॉपरकडे बॉल देऊच नका. मधल्या फळीतल्या सेंटर हाफकडे द्या, त्याच्या मागे दोघं असतात. त्यानं पहिल्या किंवा दुसऱ्या टचला बॉल त्यांच्या साईड बॅकच्या पाठीमागे कोपऱ्यात टाकायचा आणि आख्ख्या संघानं वीस मीटर वर चढायचं. बॉल बाहेर गेला तरी थ्रो त्यांच्या टोकाला होतो, तो तुमच्या फायद्याचा. दिसायला हे देखणं नाही. पहिल्या दहा मिनिटांत देखणेपणाची गरजही नाही.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मुली पहिल्याच कॉर्नरवर गोल खातात, नंतरच्या कॉर्नरवर नाही. असं का?
– अक्कलकोट रोड

उत्तर : कारण पहिल्या कॉर्नरच्या वेळी कोण कोणाला धरणार हे बॉल हवेत असताना ठरतं. दुसऱ्या कॉर्नरपर्यंत मुलींना त्यांची उंच मुलगी कळलेली असते. तो शोध आधी लावायचा. समोरच्या संघाचा वॉर्मअप दहा मिनिटं बघा: उंच कोण, हेड कोण मारते, कॉर्नर कोण घेते आणि कोणत्या पायानं. टी-शर्टचे नंबर कागदावर लिहा आणि प्रत्येक नंबरापुढे आपल्या मुलीचं नाव.

अकरा जणींची वाटणी अशी करता येईल. गोलकीपर सोडून एक जवळच्या खांबाला. एक गोलसमोरच्या लहान चौकोनाच्या जवळच्या टोकाला, कारण शालेय पातळीवर बहुतेक कॉर्नर तिथेच पडतात. दोघी गोलसमोर लहान चौकोनाच्या रेषेवर. तिघी त्यांच्या तीन धोकादायक मुलींना धरून. एक डीच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) तोंडाशी परतलेल्या बॉलसाठी. एक शॉर्ट कॉर्नरवर (जवळच दिलेल्या कॉर्नरवर) धावून जायला. आणि एक हाफलाइनपाशी. धरणारीनं बॉल आणि मुलगी दोन्ही दिसतील असं अर्ध्या कुशीवर उभं राहायचं. नुसतं बॉलकडे बघत राहिलं की ती पाठीमागून निघून जाते. बदली खेळाडू आत पाठवताना तिच्या हातात तिचा नंबर द्या. नाहीतर बाहेर गेलेलीचं गिऱ्हाईक मोकळं राहतं.

थ्रोवर एक गोष्ट मुलींना पुन्हा पुन्हा सांगा: थेट थ्रोवर ऑफसाइड नसतो. गोल किक आणि कॉर्नरवरही नसतो. बॅक हात वर करून लाइनमनकडे बघत उभी राहते आणि गोल होतो, हे पहिल्या पाच मिनिटांत फार वेळा घडतं.

प्रश्न : मी गोलकीपर आहे, नववीत. वॉर्मअपला सगळे बॉल पकडतो, पण सामन्यातला पहिला शॉट हातातून सुटतो. संध्याकाळच्या सामन्यांत ऊनही डोळ्यांवर येतं.
– बार्शी

उत्तर : वॉर्मअपला तू बहुधा जोरदार शॉटच घेत असशील. सामन्यातला पहिला शॉट तसा नसतो. तो साधा, जमिनीलगतचा असतो आणि तुझ्यापुढे हातभर अंतरावर टप्पा खातो. तुझं वॉर्मअप वेगळं, एका मित्राबरोबर बारा-पंधरा मिनिटं कर. आधी हातानं टाकलेले दहा बॉल, मग सहा मीटरवरून जमिनीलगतचे दहा, त्यातले निम्मे मुद्दाम पुढ्यात टप्पा पडणारे. मग डीच्या टोकावरून आठ शॉट. दोन्ही बाजूंनी सहा-सहा क्रॉस, एक जण अंगावर ठेवून. शेवटी बॅक पासवर चार किक आणि हातातून चार लांब फेक. खालच्या बॉलला एक गुडघा दुसऱ्या टाचेजवळ आणायचा, म्हणजे हात चुकला तरी पाय आडवा असतो.

आता ग्लोव्हज बघ. आपल्या मैदानांवरची बारीक धूळ तळहाताच्या लॅटेक्सवर बसली की ते कागदासारखं गुळगुळीत होतं, आणि तुला वाटतं आपले हात वाईट आहेत. किक ऑफआधी बाटलीतलं पाणी दोन्ही तळव्यांवर शिंपडून ते एकमेकांवर चोळ. लॅटेक्स ओलसर असताना जास्त धरतं. बाटली आणि ओला रुमाल गोलपोस्टमागे ठेव आणि धुळीत पडलास की पुन्हा पूस. घरी गेल्यावर कोमट पाण्यात धू, सावलीत वाळव.

उन्हाचं संघनायकाला टॉसआधी सांग. टॉस जिंकणाऱ्याला बाजू किंवा किक ऑफ यातलं एक निवडता येतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे चारच्या सामन्यात दुसऱ्या हाफला तो जास्त खाली आणि जास्त त्रासाचा. तेव्हा पहिल्या हाफला पश्चिमेकडे तोंड करून खेळणं परवडतं. मात्र तुला सुरुवातच जड जात असेल तर आधी पाठीवर ऊन घे. टोपी घालायला नियमात परवानगी आहे. वॉर्मअपलाही तीच घालून खेळ.

प्रश्न : लवकर गोल खाल्ला की पाठोपाठ दुसराही बसतो. तेव्हा काय सांगावं?
– फुटबॉलप्रेमी, पंढरपूर

उत्तर : ८ जुलै २०१४ च्या वर्ल्ड कप उपांत्य सामन्यात जर्मनीनं ब्राझीलवर ११ व्या मिनिटाला कॉर्नरवरून गोल केला, म्युलर मोकळा सुटला होता. तिथपर्यंत सामना हातातून गेलेला नव्हता. तो गेला २३ ते २९ या मिनिटांत, आणखी चार गोल खाऊन. बरोबरीच्या घाईत सगळे पुढे, मध्ये मोकळं रान. शेवटी ७-१. उलट १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पश्चिम जर्मनीनं बॉलला पाय लागायच्या आतच, दुसऱ्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला आणि सामना २-१ जिंकला.

गोलनंतरची पाच मिनिटं काय करायचं हे सरावातच ठरवून ठेवा. जाळ्यातला बॉल संघनायकानं स्वतः उचलून चालत मध्यावर आणायचा. तेवढ्यात स्टॉपर आणि सेंटर हाफनी एकत्र येऊन दोनच वाक्यं बोलायची: कोण कोणाला धरतंय, आणि पहिला पास कोणाला. पाच मिनिटं साईड बॅकनी हाफलाइन ओलांडायची नाही. चूक कोणाची ही चर्चा मध्यंतरातही नको, ती दुसऱ्या दिवशी वही उघडून करा. आणि ज्याच्याकडून चूक झाली त्याला पुढचा पहिला सोपा पास मुद्दाम द्या, म्हणजे त्याचा पाय पुन्हा खेळात येतो.